गजेंद्रचा ओटा

गजेंद्र माझ्या भावाचा मुलगा. अमरावतीत त्याचं फरशीचं मोठं दुकान आहे, आणि पन्नाशी ओलांडल्यापासून त्याच्यात देव भरला आहे. आधी कधी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नाही, आता मनगटात इतके दोरे की घड्याळ कोपराकडं सरकलं. देव भरला त्याचं मला काही नाही. पण गजेंद्रचा देव मोठा सोयीचा. बायकोला माहेरी पाठवायचं नसलं की नेमकं त्याच दिवशी घरात देवाचं काहीतरी निघतं. गिऱ्हाईक फुटकी फरशी बदलून मागायला आलं की हा ध्यानाला बसतो. ‘नाही’ हा शब्द त्यानं जन्मात स्वतःच्या तोंडानं काढला नाही. सगळे नकार देवाच्या नावावर.

त्याची पोरगी पायल नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात डिझाइनचं काम करते. तिथंच मशीनवर असलेला अमोल तिनं पसंत केला. पोरगा सरळ, निर्व्यसनी. गजेंद्रला तो नको, कारण जावई पाळीत काम करतो हे दुकानात बसून सांगायचं कसं? पण तसं तोंडानं म्हणेल तो गजेंद्र कसला. म्हणाला, आज्याच्या ओट्यावर जाऊन विचारू, ओट्याची मर्जी तीच माझी.

हा ओटा त्यानं बापाच्या तोंडून ऐकलेला. माझा भाऊ शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा एकच म्हणायचा, मले आपल्या ओट्यावर ने. यानं नेलं नाही. तेव्हा देव भरलेला नव्हता ना.

तर निघाले हिवरखेडला. तिथं माझे आईबाप राहत. ते घर ओळखणारी आता मीच उरले, म्हणून वाटेत अकोटहून मला गाडीत घेतलं. कशाला जायचं ते मला सांगितलं नाही. मला वाटलं, पोराला आजाआजीचं घर पाहावंसं वाटलं असेल. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पायल रस्ताभर खिडकीबाहेर पाहत होती. डिकीत नारळ, हार, अगरबत्त्या आणि काळ्या ग्रॅनाइटचे तुकडे. ओट्याला कुठला शोभतो ते लावून पाहायला. दुकानदार तो दुकानदारच.

भावानं विकलेल्या त्या घरात आता श्रावण आणि त्याची बायको शालू राहतात. गजेंद्रनं त्यांना धड रामराम केला नाही. अंगणातला ओटा दिसला, त्यावर शालूच्या गोवऱ्या वाळत होत्या. याचा चेहरा असा झाला जसं कोणी देवळात चपला घालून शिरलं. गोवऱ्या उचलायला लावल्या, ओटा धुऊन घेतला, आणि पांढऱ्या कपड्यांनिशी उन्हात ओट्यापुढं दंडवत घालून आडवा पडला. मग उठून ओट्याच्या उभ्या अंगाला दोन फुलं पाण्यानं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डाव्या फुलाला पाणी जरा कमीच लावलं. माझे डोळे अजून शाबूत आहेत.

गजेंद्र ओट्यापुढं हात जोडून कौल मागायला बसला. तेव्हा मला उमजलं, हा कोणता ओटा समजून कोणत्या ओट्याच्या पाया पडला ते.

“गज्या, ऊठ,” म्हटलं. “हा ओटा माया बापानं म्हशीले चारायची सरकीची ढेप भिजवाले बांधला होता.”

“आत्याबाई, बाबा तं मरेपर्यंत आपला ओटा, आपला ओटा करत गेले.”

“तो रिद्धपूरचा. आपन महानुभाव पंथाचे. स्वामी जिथं बसले तिथं ओटा बांधतेत अन् त्याले दंडवत घालतेत. मायी माय सालोसाल जात होती. तुया बापाले तिथं जायचं होतं. त्याले तू नेलं नाही, अन् आता ढेपीच्या ओट्याले पोरीचं लग्न इचारून राहिला.”

श्रावण तोंड फिरवून हसला. शालूला तेवढंही जमलं नाही, ती घरात पळाली.

वाटलं, आता तरी लाजेल. तर म्हणतो, मग आत्ताच रिद्धपूरला जाऊ, फुलं तिथं लावू. मी सांगितलं, माझी माय तिथं डोकं टेकवून परत यायची, तिनं कधी काही मागितलं नाही की विचारलं नाही. तू फुलं घेऊन जाणार असशील तर मी गाडीत बसत नाही, इथंच श्रावणकडं राहते.

मग पायल पुढं आली.

“बाबा, देव राहू द्या बाजूले. तुमी सांगा. हो का नाही?”

गजेंद्रनं ओट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, श्रावणकडंही पाहिलं. कोणी मधे पडेना. ज्याला धड रामराम केला नाही तो तरी कशाला पडेल? शेवटी पुटपुटला, “लोकाईले काय सांगू? जावई मशीन चालवते म्हनून?”

“म्हंजे नाही तुमचं हाये.”

तिनं तिथंच, बापाच्या देखत, अमोलला फोन लावला. आवाज अगदी सरळ. “देवाचं काही म्हननं नाही. बाबाचं हाये. तू तारीख काढ.”

लग्न झालं. गजेंद्र आला, फेटा बांधून दाराशी उभा राहिला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला की मुलगा त्यानंच हेरला, टेक्स्टाइलमधला इंजिनिअर आहे. मी जवळच बसले होते. पंगतीत माझ्या पानात बुंदी वाढायला स्वतः आला, आणि पुन्हा आला, म्हातारीचं तोंड भरलेलं राहावं म्हणून. बुंदी मी खाल्ली, आणि शेजारी बसलेल्या अमोलच्या आईला हिवरखेडचं सगळं सांगितलं.