लिंबावरून गेलेली गाडी

दसऱ्याच्या सकाळी मी एका खाजगी वाहन संग्रहालयात गेलो होतो. मधोमध एक लांबलचक जुनी अमेरिकन गाडी उभी होती. अंगभर क्रोम, मागे माशासारखे पंख, बॉनेटवर झेंडूचा हार. चारही चाकांखाली लिंबं ठेवलेली.

संग्रहालयाचे मालक जरीचं जॅकेट घालून स्टिअरिंगवर बसले. आता इंजिन गुरगुरेल म्हणून मी कान टवकारले, तर चार कामगार मागे जाऊन गाडी ढकलू लागले.

"इंजिनाचं काय झालं?" मी शेजारच्या वॉचमनला विचारलं.

"ते कधीच काढलंय, साहेब. आतून पोकळ आहे. पण पूजा दरवर्षी होते."

मला शिसारी आली. वाटेत काही वाईट घडू नये म्हणून गाडीखाली लिंबू चिरडतात. हिला कसली आलीय वाट? रंगवलेल्या मढ्याची दृष्ट काढावी, तसं ते चाललं होतं. कामगार घामाघूम झालेले, आणि मालक फोटोसाठी असे बसलेले की जणू घाट उतरताहेत. आपल्याकडे कितीतरी गोष्टी अशाच चालत्या दिसतात. पुढे हार असतो आणि मागून कुणीतरी ढकलत असतं.

गाडी लिंबांवर अडली. मालकांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, जरा हात लावता का?"

मी लावला. चांगला जोर देऊन लावला. लिंबं फुटली, टाळ्या पडल्या, आणि त्यांत माझ्याही होत्या.