मागचे पाय कामापुरते

तीन माणसं दहा-बारा वर्षं एकाच टेबलावर डबा खायला लागली, की किस्से आपोआप साठतात. कुणी लिहून ठेवत नाही, तरी एकही हरवत नाही. उलट दर वर्षी त्यांना थोडा मीठमसाला लागतो. मी मात्र जसं घडलं तसंच सांगते.

शिरूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे. माहेर दौंडचं, सासर मांडवगण फराट्याचं, रोज एसटीनं येणं-जाणं. आमच्या डिपार्टमेंटला तीन माणसं. हेड सोनवणे सर, मी आणि लॅब अटेंडंट पोपटमामा. सरांना वेड एकाच गोष्टीचं, अळ्यांचं. कोट्यवधी वर्षांत अळीचं रूप कसं कसं बदलत गेलं, यावर ते जेवण विसरून बोलायचे. त्यामुळे आमच्या बहुतेक किश्शांत कुठं ना कुठं एक अळी वळवळत असतेच.

* * *

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर एफवायच्या वर्गाला शिकवत होते.

"झुरळाचं पिल्लू बघा. लहान झुरळच दिसतं. टोळाचंही तसंच. जुन्या किड्यांची पिल्लं अशी आईबापांसारखीच असायची. मग काही किड्यांत पिल्लाचं रूपच पार वेगळं झालं. अळी पान खाते, फुलपाखरू मध पितं. दोघांचं भांडणच मिटलं. म्हणून हे किडे जगभर पसरले."

पोपटमामा दारात नमुन्यांच्या बरण्या घेऊन उभे होते. चार दिवस त्यांचं तोंड उतरलेलं होतं. त्यांच्या थोरल्या मुलानं घरची मेंढरं आणि रान सोडून शिक्रापूरला कंपनीत नोकरी धरली होती. मामा त्याच्याशी बोलत नव्हते.

तास संपल्यावर मामा म्हणाले, "म्हंजी सर, पोरगं बापाच्या ताटात हात घालत न्हाई, म्हणून दोघंबी जगत्यात."

"अगदी तसंच."

मामांनी बरण्या कपाटात लावल्या, हात पुसले.

"मग मला आज लवकर सोडा. शिक्रापूरला जाऊन पोराची खोली बघून येतो."

* * *

मामांचे वडील, आबा, तेव्हा ऐंशीला टेकलेले. बरीच मेंढरं विकून झाली होती, सहा-सात उरली होती. त्यातली एक मेंढी सारखी शिंकायला लागली. नाक जमिनीला घासायची, खाणं सोडलं होतं. आबांना वाटलं, रोग आला, आता उरलेलीही जाणार. मामा कॉलेजात येऊन हे सांगायला लागले आणि सरांनी चप्पल घातली.

आम्ही पोचलो तर आबा मेंढीची मान मांडीवर घेऊन बसलेले. सर वाकून बघायला आणि मेंढी शिंकायला एकच गाठ पडली. एक जाडजूड अळी थेट सरांच्या शर्टावर. दुसऱ्या कुणी शर्ट झटकला असता. सरांनी ती तळहातावर घेतली, खिशातून भिंग काढलं आणि उन्हात उभे राहिले.

"आबा, घाबरू नका. ही नाकातली अळी आहे, माशीची. जनावरांच्या डॉक्टरांकडं औषध मिळतं."

"जगंल का पण माझी मेंढी?"

"जगेल."

आठवड्याभरात मेंढी चरायला लागली. आबांच्या जिवात जीव आला. सर परत भेटायला गेले तेव्हा त्यांनी आबांना सगळं समजावून सांगितलं. या अळीच्या फार जुन्या पूर्वजांना पाय होते, नीट डोकं होतं. ते सगळं जात जात आता तोंडाशी फक्त गळासारखे दोन आकडे राहिलेत.

"का गेले असतील हो पाय, आबा?"

आबा तंबाखू मळत म्हणाले, "नाकात बसून कुठं जायचंय त्याला?"

दुसऱ्या दिवशी सरांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं. खाली नाव घातलं, आबा.

* * *

एकदा मामांनी गावातल्या विहिरीच्या कामावरून एक दगड आणला. त्यावर एका रांगेत नऊ फुगवटे, एकापुढं एक. हुबेहूब मोठी अळी. सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दगडात सापडलेली अळी, तीही आपल्या तालुक्यात! त्यांनी पुण्याला आपल्या गुरुजींना चार पानी पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं.

भूगोलाच्या मॅडम चहाला आल्या होत्या. त्यांनी दगड उचलून पाहिला.

"सर, हा लाव्हाचा दगड आहे. यात अळी कशी टिकेल?"

मामांनी न विचारता दगडावर तांब्याभर पाणी ओतलं. फुगवटे विरघळायला लागले. ते कुंभारमाशीनं केलेलं मातीचं घर होतं. दगड ढिगाऱ्यात पडून होता, तेव्हा तिनं ते बांधलं असणार. आतून एक पांढरी, बिनपायांची अळी निघाली, चांगली जिवंत.

"कोट्यवधी वर्षांची नाही," सर म्हणाले, "पंधरा दिवसांची निघाली."

मग त्यांनी खिशातलं पाकीट काढून बराच वेळ उलटसुलट पाहिलं.

"बरं झालं. पोस्टाची पेटी आज भरलेली होती."

* * *

सुरेखा नावाची एक विद्यार्थिनी होती. लिहायची उत्तम, पण तोंडी परीक्षेत तिचा आवाजच बसायचा. आधीच्या वर्षी त्यामुळेच ती नापास झाली होती. या खेपेला तेच झालं तर शिक्षण थांबवायचं, असं घरी ठरलेलं.

पुण्याहून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी बशीत एरंडावरची अळी ठेवली.

"पाय किती?"

सुरेखाची नजर बशीतल्या अळीवर. मी दाराशी उभी राहून पदराचं टोक पिळत होते. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी पेन उचललं.

तेवढ्यात ती बोलली, तेही घरच्या भाषेत. "सर, पुढचे सहा जन्माचे हायत. मागचे कामापुरते."

"कामापुरते म्हणजे?"

"पानाला धरून राह्यला. पतंग झाला की पुढचे राहत्यात, मागचे जात्यात."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "बस," म्हणाले, "पाणी पी." आणि तिच्या आधी स्वतःच घटाघटा पाणी प्यायले.

* * *

आता शेवटची.

दोन हजार सालानंतर आमच्याकडं उसावर लोकरी मावा नावाची कीड आली. पानांच्या खालून पांढरी लोकर पसरलेली, वरून पानं काळी. माझे सासरे आप्पा रोज बांधावर जाऊन नुसते उभे राहायचे. शेजारचं रान त्यांच्या धाकट्या भावाचं, बापूकाकांचं. बांधावरून वाद झाला होता आणि दोघं आठ वर्षं बोलत नव्हते. मावा मात्र दोन्हीकडं सारखाच होता.

आप्पांनी फवारणीवाला ठरवला. मी सरांना घेऊन आले. सरांनी पान उलटं केलं. लोकरीत बारीक जाळं, जाळ्यात अळी.

"आप्पा, फवारू नका. ही मावा खाते."

"सर, अळी पानं खाती. हे मला ल्हानपणापासून ठावं हाय."

"हिच्या जातीतल्या बहुतेक अळ्या पानंच खातात. हिची वाट वेगळी झाली." मग सर थांबले. "खरं सांगू का, मीही हे पुस्तकातच वाचलंय. शेतात आज पहिल्यांदा बघतोय."

हे ऐकून आप्पांचा विश्वास बसला, उडाला नाही. त्यांनी मावा असलेलं पान आणि चार अळ्या काचेच्या बरणीत घातल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि ओसरीवर बरणीपुढं बसले. दुपारचं जेवणही तिथंच. दोन दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. पान शाबूत होतं. मावा जवळजवळ संपला होता.

फवारणीवाल्याला परत पाठवलं. गाव हसलं. पुढचे तीन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग एका सकाळी आप्पा रानातून आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, उसाचे नवे पोंगे हिरवे निघाल्यात." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि डोळ्यांवर धरली.

त्याच दिवशी त्यांनी अळ्या असलेली पानं कापून पाटी भरली. मी मागोमाग गेले. बांधाच्या पलीकडं बापूकाका पाठीला फवारणीचा पंप बांधून उभे होते.

आप्पा म्हणाले, "पंप उतरव."

बापूकाका बघत राहिले. मग त्यांनी पंप उतरवला, दोन्ही हातांनी पाटी घेतली. पानं चाळवली, अळ्या पाहिल्या.

"दादा, ह्या बांध वलांडून परत तुमच्याकडं आल्या तर?"

आप्पा म्हणाले, "येऊ दे."