पहिल्या नंबरला कुठलं कॉलेज टाकायचं

लेकीच्या अ‍ॅडमिशनचा खरा हिशोब सांगतो. फी सोडा, ती सगळेच भरतात... वर दुकानाचं शटर दोन दिवस खाली, बायकोचे उपवास आणि माझा एक माज, एवढं खर्ची पडलं.

परवा श्रुतीला पुण्याच्या हॉस्टेलवर सोडून आलो. गाडी अर्थात मीच चालवली. टेम्पोवर ड्रायव्हर होतो तेव्हापासून स्टिअरिंग कुणाच्या हातात दिलेलं नाही... बायकोकडे लायसन्स आहे, पण ती सीवूड्सच्या मॉलपर्यंत, तेही मी शेजारी बसून सूचना देणार.

तर गोष्ट महिन्याभरापूर्वीची. घणसोलीच्या माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात श्रुती आणि माझा पुतण्या ओम इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची यादी भरत बसले होते. मी गिऱ्हाईक बघत होतो, कान मात्र तिकडेच.

मार्क श्रुतीला जास्त. पण ओमने पुण्यातलं सगळ्यात मोठं कॉलेज बिनधास्त पहिलं टाकलं. मी म्हटलं, "अरे, मिळेल का?" तर म्हणतो, "काका, टाकायला काय जातंय?"

आणि श्रुतीने पहिलं टाकलं घराजवळचं, खात्रीचं. पुणं तिसरं. आता यात मेख अशी, की पहिलं टाकलेलं मिळालं तर तेच घ्यावं लागतं... म्हणजे पुणं तिने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

मी समजावलं, "अगं, मोठं वर टाकलं म्हणून खालचं जात नाही." म्हणाली, "माहितीये बाबा. ओमला नाही मिळालं तर सगळे बोलतील, पोरगा आहे, करेल काहीतरी. मला नाही मिळालं तर बोलतील, एवढी उडी मारायला सांगितली होती कोणी?"

मी गिऱ्हाईकाला होल्डरच्या जागी स्विच दिला.

बायको डबा घेऊन आली होती. ती इथल्याच तळवली गावची, आवाज रस्त्यापलीकडे जाणारा. "कोन बोलंल? नाव सांग त्याचं, मी बगते!"

दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा दचकलं. श्रुती खूप हसली... आणि हसता हसताच तिने पुणं उचलून पहिल्या नंबरला ठेवलं.

मिळालं! ओमला यादीतलं पार खालचं लागलं. त्याला काही दुःख नाही, ते पण लय भारी आहे म्हणतो. हा आत्मविश्वास पोरींना थोडा उसना मिळायला हवा.

परवा हॉस्टेलच्या गेटवर श्रुतीने बॅग स्वतः उचलली, आईला मिठी मारली, मला म्हणाली, "बाबा, टाकायला काय जात होतं!" आणि मागे न बघता आत गेली. असा अभिमान मला दुकानाच्या उद्घाटनालासुद्धा वाटला नव्हता.

पोरींच्या आईबापांनो, यादी भरताना जवळ बसा. जमलं तर जरा मोठ्याने बोला.

बाकी, परतीची गाडी बायकोने चालवली. हॉस्टेलच्या गेटपासून थेट घरापर्यंत.