पट्ट्यांचा सतरावा संच

समजा, तुमच्या हातात बिडाची एक पट्टी दिली. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, आगकाडीपेक्षा थोडी जाड. कानशीने घासून तिची कड अशी करायची, की ती एका फिरत्या लोखंडाला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. टेकली नाही तर फटीतून गॅस निसटतो आणि इंजिन दम टाकतं. रुतली तर लोखंड खाते. ते लोखंड मिनिटाला तीन हजार फेरे घेतंय, तापलंय. अशा तीन पट्ट्या करायच्या. उजेडासमोर धरून बघायच्या. फट दिसली की पुन्हा पहिल्यापासून.

कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा अजमल नऊ वर्षं असल्याच खटाटोपात होता. आठवडाभर मालकाचं काम आणि सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीने कोपऱ्यातलं हे स्वतःचं इंजिन. वय त्रेपन्न. चष्म्याचा नंबर तीनदा बदलला होता आणि मान डावीकडे वळवली की कट्ट असा आवाज यायचा.

हे सगळं सुरू झालं बिराप्पामुळे. बिराप्पा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जिथे ट्रॅक्टर शिरत नाही, अशा द्राक्षबागांत तो पाठीवर इंजिनाचा पंप बांधून फवारणी करायचा. साध्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली आपटतो, त्याची थरथर फवारणीच्या दांड्यातून हातात उतरते. संध्याकाळी बिराप्पाची बोटं इतकी बधिर व्हायची, की शर्टाची बटणं सुटायची नाहीत. मग तो शर्ट तसाच डोक्यावरून ओढून काढायचा.

“वरखाली काही आपटतच न्हाई, असं इंजिन करतो तुला,” अजमल तेव्हा म्हणाला होता.

“कर की. फकस्त मी मरायच्या आत कर,” बिराप्पा म्हणाला होता.

दट्ट्या नसलेल्या नेहमीच्या रोटरी इंजिनात तिकोनी रोटर गोल फिरतो आणि पट्ट्या त्याच्या टोकांवर बसून त्याच्याबरोबर फिरतात. त्यांना तेल पोचवणं अवघड. अजमलने सगळं उलटं केलं. पोकळी तिकोनी आणि आतला रोटर दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा, कमरेत किंचित बारीक. पट्ट्या पोकळीच्या तीन कोपऱ्यांत जागच्या जागी. त्यामुळे तेल बाहेरून थेट सोडता येतं. कागदावर हे सोपं होतं. पण लेथ गोल कापतो, शेंग कापत नाही. नुसता तो आकार काढण्यात चार वर्षं गेली आणि उरलेली पाच पट्ट्यांनी खाल्ली.

बागेत एक टाकी संपायला वीस मिनिटं लागतात. लागोपाठ तीन टाक्या, म्हणजे इंजिन तासभर सलग चाललं तरच बिराप्पाच्या कामाचं. आजवर ते अकरा मिनिटांपलीकडे गेलं नव्हतं. सतराव्या संचाच्या वेळी अजमलने बायकोला सांगून टाकलं, “ह्यो शेवटचा. न्हाई चाललं तर पोत्यात बांधून ठेवतो.” नूरजहांने नुसती मान हलवली. तीही थकली होती.

या संचात त्याने एक वेगळी गोष्ट केली. त्याचे वडील अल्लाबक्ष मिरजेत तंबोरे करायचे. अजमल दहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला जवारी काढायला शिकवलं होतं. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा कानशीने असा उतरता घासायचा, की तार तिला घासून न घासल्यासारखी जाते. मग तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. पट्टीला अजमलने तोच उतार दिला. टेकायचं आणि रुतायचं नाही, हे त्याच्या हाताला दुसऱ्या कुठल्या रीतीने माहीतच नव्हतं.

सुट्टीच्या सकाळी बिराप्पा वर्कशॉपमध्ये आला आणि त्याने इंजिन जोडलेला दांडा हातात धरला. ऐंशीतले अल्लाबक्ष स्टुलावर बसले. दोरी ओढली आणि इंजिन लागलं. या खेपेला फटफट आलीच नाही, एक भरलेला, लांबच लांब गुंजणारा सूर निघाला.

“जवारी खुलली रं,” म्हाताऱ्याने डोळे मिटले.

अजमलला नऊ वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. एका टाकीएवढा वेळ झाला, दुसरीएवढा झाला. त्रेचाळिसाव्या मिनिटाला सूर पातळ झाला आणि इंजिन बंद पडलं. त्याने दोरी ओढली. आत दाबच उरला नव्हता, दोरी सैल गेली.

अजमलने बोल्ट काढले. रोटरच्या चकचकीत अंगावर बारीक आडव्या लाटा उठल्या होत्या, एकसारख्या अंतरावर. अल्लाबक्षांनी त्यावरून नख फिरवलं. कर्र्र वाजलं.

“अब्बा, आवाज तर चांगला होता.”

“म्हणूनच,” म्हातारा म्हणाला. “तार घोडीवर नाचती, तवा तंबोरा बोलतो. नाचता नाचता ती घोडीला खाती. दोन-तीन सालांनी घोडी परत घासावी लागती. तुजी पट्टीबी नाचत हुती.”

ज्या आवाजाने तो खूश झाला होता, तोच दोष होता. अजमलने खाली पडलेलं पोतं ओढून इंजिनावर टाकलं. बांधायला सुतळी शोधू लागला.

“गड्या, हिकडं बघ,” बिराप्पा म्हणाला.

त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं होतं. मग दुसरं सोडलं. मग दोन्ही परत लावली.

“त्रेचाळीस मिन्टं धरलं मी. बोटं जाग्यावर हायत.”

“तास न्हाई झाला.”

“तास कुठं मागतोय? बटनं बघ म्हनलं.”

अजमल बघत राहिला. सुतळी हातातच होती. मग वडिलांकडे वळून त्याने थकल्या आवाजात विचारलं, “तारेखाली दोरा घातला की आवाज खुलतो. तसा बंद करायचा झाला तर?”

“जल्मभर आवाज खुलवायलाच दोरा लावला, पोरा. बंद करून द्या म्हणून कोण आलंच न्हाई माझ्याकडं.”

अजमलने पोतं बाजूला केलं, एक पट्टी काढून उजेडासमोर धरली. ही टेकलेली तर राहिली पाहिजे, पण नाचली नाही पाहिजे. मग तिच्याखाली सरकवायचं तरी काय?