पंच्याण्णव दिनारांत हवी ती गाडी

‘आपल्याला हवी ती गाडी निवडण्याचं संपूर्ण स्वातंत्र्य देण्यात येत आहे,’ असं कंपनीच्या पत्राच्या पहिल्या ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत होतं की गाडी पांढरी असावी, चार दारांची असावी, कंपनीने ठरवलेल्या तीन एजन्सींकडूनच भाड्याने घ्यावी आणि महिन्याचं भाडं पंच्याण्णव दिनारांच्या वर जाऊ नये. उरलेलं स्वातंत्र्य मी कसं उधळावं, याबद्दल मात्र पत्रात काही सूचना नव्हत्या.

मी कुवेतमध्ये डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करते. इंजिनिअरिंग सांगलीला केलं, लग्न झाल्यावर इकडे आले. आम्ही अबू हलीफात राहतो आणि काम जहरापासून शुऐबापर्यंत, जिथे यंत्र बंद पडेल तिथे. म्हणजे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. देश लहान आहे म्हणून बरं.

आधी माझ्याकडे जी वस्तू होती तिला गाडी म्हणणं हा कंपनीचा मोठेपणा होता. माझ्याआधी ती तिघांनी वापरून सोडली होती. तिचा एसी गाडी पळत असेल तरच गार हवा द्यायचा, सिग्नलला थांबलं की भट्टीचं दार उघडल्यासारखा फुंकायचा. माझ्या बाजूची काच एकदा खाली गेली की वर यायची नाही, म्हणून मी ती खालीच करत नसे. चार वर्षं मी तक्रारी लिहिल्या. प्रत्येक वेळी ‘नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर आलं. आमच्या कंपनीत नोंद फार मनापासून घेतात.

मग एका ऑगस्टमध्ये जहराला जाताना पुढे अपघात झाला आणि रस्ता तुंबला. तासभर मी त्या भट्टीत बसून होते. डायलिसिस केंद्रात पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. तिथल्या मुख्य नर्सने मला यंत्राजवळ जाऊच दिलं नाही. रिकाम्या खुर्चीत बसवलं, पाय वर करायला लावले, दंडाला बीपीचा पट्टा बांधला. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे कुवेती गृहस्थ डायलिसिस घेत होते. त्यांनी माझ्याकडे बघून नर्सला विचारलं, “ही नवीन आलीय का?”

नर्स म्हणाली, “नाही, या यंत्र दुरुस्त करायला आल्यात.”

त्यांनी मला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. म्हणाले, “मग माझ्या यंत्राला हात लावू देऊ नका.”

त्या केंद्राने आमच्या कंपनीला एक सभ्य ईमेल लिहिली. ‘आपल्या इंजिनिअर आमच्याकडे पोचतात तेव्हा त्यांनाच दुरुस्तीची गरज असते.’ माझ्या चार वर्षांच्या तक्रारींनी जे झालं नाही ते गिऱ्हाइकाच्या या एका ओळीने चार दिवसांत झालं. संपूर्ण स्वातंत्र्याचं पत्र आलं ते असं.

घरी बातमी कळताच सगळे तज्ज्ञ झाले. आमची चौदा वर्षांची मुलगी, जिला मी मराठीत विचारते आणि जी इंग्रजीत उत्तर देते, तिने एवढीच अट घातली की गाडी ‘एम्बॅरसिंग’ नको. म्हणजे शाळेच्या फाटकापर्यंत आणलेली चालेल अशी हवी. जुन्या गाडीतून ती एक गल्ली अलीकडेच उतरायची आणि वर मला सांगायची की चालणं आरोग्याला चांगलं असतं. नवऱ्याने वहीत मायलेजचा रकाना आखला. पेट्रोल कंपनीचं, गाडी कंपनीची. पण मायलेज विचारल्याशिवाय गाडी घ्यायची म्हणजे त्याला नमस्कार न करता देवळातून बाहेर आल्यासारखं वाटत होतं. आणखी एक सांगायला हवं. नवऱ्याकडे इथलं लायसन्स नाही. तीनदा परीक्षा दिली, तीनदा परीक्षकाने त्याला शांतपणे खाली उतरवलं. तेव्हापासून तो माझ्या शेजारी बसून मला गाडी शिकवतो.

कामाचं बोलले ते फक्त खालच्या मजल्यावरचे चाचा. ते दापोलीकडचे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात तीस वर्षं उभे राहिलेले. मी पत्र दाखवलं तर चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, “अगो बाय, ते आतल्या टीव्हीच्या पडद्याबिडद्याकडं बघू नको. दुपारची जा. उन्हात उभी असंल तीच गाडी माग, नि एसी लावून बघ. इकडं गाडी म्हंजे काय? चाकं लावलेला एसी.”

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी दोन वस्तू बरोबर घेतल्या. एक, डायलिसिसच्या पाण्याचं तापमान बघायचा माझा थर्मामीटर, जो दरवर्षी तपासून घ्यावा लागतो आणि खोटं बोलत नाही. दुसरी, माझी पेटी. त्या पेटीत पंप, नळ्या, सर्किट बोर्ड, मोजमापाची उपकरणं असं सगळं असतं. ती पाऊण मीटर लांब, तेवढीच रुंद आहे आणि तिला आडवं ठेवल्याशिवाय तिच्यातलं काही टिकत नाही. नवराही आला. त्याला मी घेतलं नव्हतं.

पहिल्या एजन्सीत विक्रेत्याने दार उघडलं आणि नवऱ्याला म्हणाला, “आइए सर.” मी गाडी मला हवीय असं सांगितलं. तो हसला आणि नवऱ्याला म्हणाला, “मॅडम के लिए देख रहे हैं? बहुत अच्छा.” मग त्याने नवऱ्याला इंजिन दाखवलं आणि मला सन व्हायझरमधला आरसा. आरशाला दिवासुद्धा होता. नवरा बॉनेटमध्ये डोकं घालून गंभीरपणे “हं, हं” करत होता. तिथे त्याला ओळखू येणारी एकच वस्तू होती, बॅटरी, आणि तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याने पुढच्या टायरला लाथ मारली. टायर चांगला निघाला.

“एसी लावा,” मी म्हटलं.

“एकदम ठंडा है, मॅडम.”

मी थर्मामीटर काढला आणि झडपेसमोर धरला. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खांदे उडवले, म्हणजे हे घरीही असंच चालतं. दहा मिनिटं झाली तरी आकडा एकवीसच्या खाली येईना. “गेटपाशी उन्हात उभी होती म्हणून,” तो म्हणाला. मी म्हटलं, “मीसुद्धा ती उन्हातच उभी करणार आहे.”

दुसऱ्या एजन्सीत एसी बरा होता, पण डिकीत पेटी जाईना. तिथल्या माणसाने ती उभी घालून पाहिली, तिरकी घालून पाहिली, मग मला विचारलं, “मॅडम, छोटी पेटी नहीं आती क्या?” मी विचारलं, “बडी डिकी नहीं आती क्या?” त्यावर तो चहा सांगायला गेला तो आलाच नाही. चहा मात्र आला.

तिसऱ्या ठिकाणी एक साधी सेडान उभी होती, धुळीने माखलेली, मागच्या बाजूला टाकून दिल्यासारखी. आतला पडदा तळहाताएवढा, सीटचं कापड ऑफिसच्या खुर्चीसारखं. विक्रेता तिच्याकडे न्यायलाच तयार नव्हता. “ती कोणी घेत नाही,” तो म्हणाला. भाडं ब्याण्णव दिनार. भर दुपारच्या उन्हातून उचललेली गाडी, आणि सहाव्या मिनिटाला आकडा बाराखाली. पेटी डिकीत आडवी सरकली आणि वर हाताचा पंजा जाईल एवढी जागा राहिली. मी आठवडाभर इतकी आनंदात होते की नवऱ्याने गाडीत संशयास्पद काय आहे ते तीनदा विचारलं.

मी अर्ज केला. तीन गाड्यांचे आकडे, डिकीची मापं, सगळं तक्त्यात मांडलं. अ‍ॅडमिनच्या मुदीरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुदीर म्हणजे व्यवस्थापक. आमचे मुदीर उन्हाळ्यातही कोट घालत, कारण घराच्या तळघरातल्या पार्किंगपासून ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगपर्यंत त्यांना ऊन भेटतच नसे.

“तुम्ही गाडी निवडलीत की प्रयोगशाळेचा अहवाल दिलात?” ते म्हणाले. मग प्रसन्नपणे सही केली. “मंजूर. इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात.”

पुढच्या आठवड्यात कंपनीची सरकारी कागदपत्रं सांभाळणारा मंदूब मला किल्ली आणि दफ्तर द्यायला आला. गाडीच्या नोंदणीच्या कार्डाला इथे दफ्तर म्हणतात. खाली जाऊन बघते तर एक छोटी, उंच, टचटचीत एसयूव्ही. नाकावर चकचकीत पट्टी, डोक्यावर काहीही न ठेवण्यासाठी लावलेले दांडे, आणि आत टीव्हीएवढा पडदा.

मी मुदीरांना फोन केला. “ही माझी नाही.”

“तुमचीच,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भेट देणाऱ्या माणसाचा संकोच होता. “एजन्सीने त्याच भाड्यात वरची गाडी दिली. मी स्वतः बोललो. तुम्हाला अपग्रेड केलंय. आभार मानायची गरज नाही.”

मी ती गरज पूर्ण करायच्या भानगडीत पडले नाही. डिकी उघडली. डिकीत भाजीच्या दोन पिशव्या मावल्या असत्या, तेही पालेभाजीच्या नाही.

त्यानंतर तीन आठवडे पेटी मागच्या सीटवर बसून फिरली. तिला पट्टा लावावा लागे, नाहीतर गाडी पिकपिक करून जीव खाई. मागे एसीच्या झडपा नव्हत्याच. पुढे गारवा आणि मागे वाळवंट. पुढे नवरा शिकवायला बसे, म्हणून मुलगी शाळेत जाताना पेटीच्या शेजारी बसे. गाडी शाळेच्या फाटकापर्यंत न्यायला तिची हरकत नव्हती. पण उतरताना ती घामाने इतकी भिजलेली असे की आता तिचीच तिला लाज वाटू लागली. “मॉम, द बॉक्स गॉट द बेटर सीट,” ती एकदा म्हणाली. आणि एके दिवशी शुऐबाहून येताना मागे तापलेल्या पेटीतला एक सर्किट बोर्ड गेला. मी पुन्हा तक्रार लिहिली. नोंद घेण्यात आली.

मग मला एक संधी मिळाली. शुऐबाच्या औद्योगिक भागात एक दवाखाना होता, तिथल्या करारावर मुदीरांनी समोर बसून सही करायची होती. त्यांची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. मी म्हटलं, “मी तिकडेच चाललेय सर, चला माझ्याबरोबर. तुम्ही दिलेल्या गाडीतून.” ते खूश झाले.

पुढच्या सीटवर नवीन पंपाचं खोकं होतं. मी ते तिथे ठेवलं होतं हे मी नाकारत नाही. मुदीर मागे बसले, पेटीच्या शेजारी, कोट घालून. दुपारचा एक वाजला होता.

पहिली दहा मिनिटं ते करारावर बोलले. मग त्यांनी विचारलं, “मागचा एसी कुठून लावायचा?”

“मागे नाहीये सर. वरची गाडी आहे ही.”

थोड्या वेळाने त्यांनी टाय सैल केला. मग कोट काढला. पेटीवर हात टेकला आणि झटकन उचलला, कारण पेटीला लोखंडी पट्ट्या आहेत. मी आरशातून बघत होते आणि मला मजा येत होती, हे लिहायला हरकत नाही. पण शुऐबाच्या वळणावर ते बोलायचे थांबले, डोकं काचेला टेकलं, तेव्हा मजा संपली. हे दृश्य मला आतून माहीत होतं. मी गाडी बाजूला घेतली, खोकं उचलून मागे टाकलं, त्यांना पुढे बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. ते बराच वेळ नुसते झडपेसमोर चेहरा धरून बसले.

मग हळूच म्हणाले, “तुम्ही रोज असं जाता?”

“मी पुढे बसते सर. मागे माझी मुलगी बसते.”

दवाखान्यात त्यांनी सही केली, परतताना रेडिओसुद्धा लावू दिला नाही. पाचव्या दिवशी ती ब्याण्णव दिनारांची सेडान माझ्या इमारतीखाली उभी होती, तीच, धुतलेली. एसयूव्ही आमच्या विक्री विभागातल्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांना ती बढती वाटली आणि त्यांनी ऑफिसात पेढ्यांऐवजी बकलावा वाटला. आठवड्याभरात सगळ्यांना एक परिपत्रक आलं: ‘कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी म्हणून अ‍ॅडमिन विभागाने स्वतः पुढाकार घेऊन वाहनांच्या वातानुकूलनाची तपासणी सुरू केली आहे.’ तपासणीचा तक्ता माझाच होता. वर मुदीरांचं नाव होतं. मी अभिनंदनाची ईमेल पाठवली. त्यांनी विनयाने उत्तर दिलं की हे सगळं टीमचं यश आहे.

पहिल्या सकाळी मी सेडान घेऊन जहराकडे निघाले. एकटीच होते. ना माझ्या पैशाची, ना माझ्या नावावर, तीन वर्षांनी परत जाणारी गाडी, सीटचं कापड ऑफिसच्या खुर्चीचं. बाहेर पिवळी धूळ उडत होती आणि आत हाताच्या पाठीला गार लागत होतं. कोणी शिकवायला नव्हतं. जहराचा फाटा आला तेव्हा इंडिकेटर द्यायला हात पुढे गेला, आणि मी तो दिलाच नाही. सरळ पुढे गेले. पुढच्या वळणावरून मागे फिरायला दहा मिनिटं लागली. केंद्रात पोचल्यावर नर्सने उशिराचं कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, फाटा चुकला.