वाडी घरात की बाहेर?

भुईगावचे वाडीवाले दादा गेली कित्येक वर्षं घराभोवतीच्या फुलांच्या वाडीच्या फाटकाबाहेर पडलेले नाहीत. फुलं बाजारात धाकटा भाऊ नेतो. बोलताना ते माझ्याकडे बघत नाहीत, जास्वंदीच्या कळ्या खुडत राहतात. माणसांपासून तुटलेल्यांवर माझा अभ्यास चाललाय, म्हणून परदेशी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर घेऊन मी त्यांच्याकडे जाते.

"मी बहुतेक वेळ घरातच असतो," मी पहिलं वाक्य वाचलं. "हो की नाही?"

"वाडी घरात धरायची का बाहेर, बाय?"

मी अभ्यासाच्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला, त्यांनाही ठरवता येईना.

"मला कोणाचीच गरज वाटत नाही" यावर दादांनी हातातल्या कळ्या टोपलीत टाकल्या. उरलेली उत्तरं देऊन झाल्यावर म्हणाले, "या प्रश्नांचा एक कोरा कागद ठेवून जा."

पुढच्या आठवड्यात गेले तर कागद भरलेला होता आणि वर माझं नाव होतं.

"तुला बघून भरलाय," ते कळ्यांशीच बोलल्यासारखे म्हणाले. "चहा उभ्यानंच पितेस. घरच्या कोनाचं नाव कधी तुझ्या तोंडून ऐकलं नाय."

प्रत्येक 'हो'ला एक गुण; बेरीज जितकी जास्त, तितका माणूस तुटलेला. घरी येऊन दोन्ही कागदांची केली. माझी त्यांच्याहून जास्त भरली. खोडरबर हातात घेतलं, पण चुकलेलं उत्तर अजून सापडत नाहीये.