शेजारच्या सीटचा ब्रेक

माझी मावशी लोकांना गाडी शिकवते, आणि जगात कुणालाही गाडी चालवता येते यावर तिचा काडीचा विश्वास नाही. समोरून बस आली की ती आपल्याशीच पुटपुटते, "आरसा बघितलास का? नाही बघितलास." बसवाला बिचारा पार गेलेला असतो, तरी मावशीचं चालूच. कुणी चहाचा ट्रे घेऊन जरा जोरात वळलं की तिचा पाय फरशीवर दाबला जातो.

त्याला कारण आहे. शिकवायच्या गाडीत तिच्या सीटपुढे, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी, एक जादा ब्रेक असतो. खालून एका दांडीने तो खऱ्या ब्रेकला जोडलेला. शिकणारा घाबरून पाय भलतीकडे टाकतो, मावशी गपचूप आपला ब्रेक दाबते, आणि तो रुमालाने घाम पुसत म्हणतो, "जमलं बरं का मॅडम." अशी किती माणसं आपल्याला गाडी थांबवता येते या समजुतीत मोठी झाली, देव जाणे.

सगळी उमर त्या डबड्यात तिसऱ्या गिअरच्या वर न जाता घालवल्यावर मावशीने एक स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड. गडद हिरवी, जमिनीला चिकटलेली, मागची सीट नावापुरती. विकणारा दातांचा डॉक्टर होता. मृदू बोलायचा, तेवढ्यानेच मावशीला संशय आला. गाडी चकाचक होती, तिथे दुसरा संशय. एवढी घासलीय म्हणजे काहीतरी पुसलंय, असं तिचं म्हणणं. का विकताय विचारलं, तर तो म्हणाला, एवढ्या खाली बसून उठताना कंबर धरते. मावशीने त्याला तिथल्या तिथे गाडीत बसायला आणि उतरायला लावलं. मग पुन्हा. तो कण्हला तेव्हा तिने वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, कण्हणं खरं आहे की पाठ केलेलं. शेवटी खरं ठरलं, आणि गाडी घरी आली.

आता प्रश्न, तिच्यात काय काय बदलायचं. मेकॅनिकने गाडीखाली सरपटत जाऊन टॉर्च फिरवला आणि बाहेर आला तो ऑपरेशननंतर डॉक्टर नातेवाइकांसमोर येतात तसा. हा माणूस काहीही सांगायच्या आधी दातांतून हवा आत ओढतो. "स्स्स... मॅडम, मनावर घेऊ नका. पळायला गाडी हुशार आहे. थांबायला जरा आळशी आहे." म्हणजे ब्रेक आधी बदला, बाकीचं नंतर. चारी डिस्क झिजत आल्यात. आजच काही होणार नाही, पण गाडीच्या अंगात जेवढा जोर आहे त्या मानाने ब्रेक कमी पडतात.

मावशी बाहेर येऊन म्हणाली की यादीत सगळ्यात महाग तेच आहे, म्हणून त्याला तेच आधी दिसलं. मग तिने मुद्दाम टायरचा विषय काढला. तो लगेच हो म्हणाला. एवढ्या लगेच का म्हणाला, म्हणून टायर रद्द. सायलेन्सर बदलून आवाज भारदस्त करायचा का, तर तो नको म्हणाला. का नको म्हणतोय, नक्की त्याच्याकडे तो माल नसणार. असं करत करत गाडी घरासमोर उभी ती उभीच, आणि तिच्यात एक स्क्रूसुद्धा बदलला नाही.

काकांना विचारण्यात अर्थ नसायचा. मावशीचे यजमान चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. दिवसभर काचा बदलत एकच वाक्य, खालच्या पट्टीत: "हे बरं दिसतं... की हे?" उत्तर समोरच्याने द्यायचं. घरीही तसंच. मावशीने टायर की ब्रेक विचारलं की ते तोंडात बडीशेप धरून विचारायचे, तुला कुठलं बरं वाटतं? त्यामुळे एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले की ड्रायव्हरची सीट अजून मागे सरकेल अशी बसवता आली तर बरं, तेव्हा मावशीचा घास हातातच राहिला.

काका उंच आहेत. पण त्या सीटशी त्यांचा संबंध काय? काकांना गाडी येत नाही. लग्न झाल्यावर मावशीनेच शिकवायला घेतलं होतं, आणि दर वेळी टेस्टची गोष्ट निघाली की तिचं उत्तर एकच: अजून तुम्ही तयार नाही. गावातल्या निम्म्या लोकांना तिने टेस्टला पाठवलं, काकांना काही पाठवलं नाही. पुढे तेही विचारायचे थांबले आणि कायमचे शेजारच्या सीटवर गेले, मांडीवर पिशवी घेऊन.

त्यानंतर मावशीला दिसायला लागलं. सकाळी गाडीत बसावं तर आरशात रस्त्याऐवजी छत. सीट एक खाच मागे. तिने आधी मेकॅनिकवर डूख धरला, त्याने जादा चावी करून घेतली असणार. मग माझी उलटतपासणी झाली. सीट मागे असली की माझे पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत हे बघून मला सोडलं. मग एका दुपारी तिने शिकवणी अर्ध्यावर टाकली, चोरपावलांनी घरी आली आणि मला घेऊन जिन्याच्या खिडकीत उभी राहिली.

काका दुकानातून जेवायला येतात त्या वेळेला. घरात न येता ते गाडीत शिरले. गाडी चालू केली नाही. क्लच दाबला, दोन बोटांनी गिअरचा दांडा डावीकडे उजवीकडे टकटक हलवला, मग मान एका खांद्यावरून पूर्ण मागे, दुसऱ्या खांद्यावरून पूर्ण मागे. घुबडासारखी. मावशी जिन्याच्या पायरीवर मटकन बसली.

"शिट्टीमास्तर," ती म्हणाली.

शिट्टीमास्तर म्हणजे पुलापलीकडचा दुसरा शिकवणारा. शिष्य चुकला की शिट्टी फुंकतो, म्हणून हे नाव. दोन बोटांची टकटक आणि ती मान, हे त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसाचं लक्षण. मावशी भर रस्त्यात सांगते, हा त्याचा, हा माझा. आणि आता तिच्या घरातलं माणूस त्याचं निघालं होतं.

संध्याकाळी तिने पोलिसासारखं विचारलं, कधीपासून? काकांनी काही लपवलं नाही. हिवाळ्यात शिकले, टेस्ट दिली, पास झाले. पहिल्याच वेळी. मावशीला सगळ्यात जास्त ते लागलं. दुसऱ्या बाईचं प्रकरण निघालं असतं तर ती एवढी खवळली नसती, असं आई म्हणाली. तो पैसे घेऊन कुणालाही पास करवतो, मावशी म्हणाली. काकांनी चष्मा काढून पुसला.

"तिथे मला म्हणाले, तुम्ही तयार आहात," ते म्हणाले. "मला ही गाडी एकदा चालवायची आहे. तू शेजारी बस."

मावशी म्हणाली, बघू. आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे जाऊन एवढ्या विचाराअंती पहिली सुधारणा ठरवून आली. शेजारच्या सीटपुढे ब्रेक.

मेकॅनिकने एवढी हवा आत ओढली की मला वाटलं आता परत सोडतच नाही. या गाडीला? मॅडम, या गाडीला लोक पंख लावतात. दांडी कुठून नेऊ? मावशीने कुठून न्यायची तेही सांगितलं. त्याने बसवला, पण बसवताना तो कुणाचा तरी केसाळ कुत्रा भादरत असल्यासारखा दिसत होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी मागे घडी होऊन, कानाशी गुडघे. काका ड्रायव्हरच्या सीटवर, मावशी शेजारी, चप्पल काढून. काकांनी तो ब्रेक बघितला. दोन बोटांनी टकटक केली, मान फिरवली, आणि गाडी लोण्यातून निघावी तशी निघाली.

मी खोटं कशाला बोलू, ते झकास चालवत होते. वळणाआधी गिअर खाली, वळण संपताना हलकेच वर. दुकानात काच बदलतात तशी एकेक हालचाल, आवाज न करता. मावशी चूक शोधत होती. मागून मला तिचा गाल दिसत होता, आणि तो कधी फुगत होता, कधी बसत होता. चूक काही सापडेना. बेकरीच्या वळणापुढे, लांब, चांगला लांब, एक सायकलवाला रस्ता ओलांडत होता. काकांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठलेला मी बघितला. तेवढ्यात मावशीने आपला ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी आपटली. माझं नाक सीटच्या पाठीत. मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच, आणि सायकलवाला मात्र शीळ घालत निघून गेला. काकांनी गाडी कडेला घेतली. गिअर काढला, हँडब्रेक ओढला, चावी काढली आणि मावशीच्या मांडीवर ठेवली.

"इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसतोय," ते म्हणाले. "मला कधी ब्रेक नव्हता."

दोघांनी उतरून जागा बदलल्या. आता ब्रेक काकांच्या पायाशी होता. मावशीने गाडी काढली, पण तिचं लक्ष रस्त्यावर कमी आणि त्यांच्या बुटांवर जास्त. कुठलंही वळण आलं की ती आधीच अंग चोरायची, आता दाबतील, आता दाबतील. वेग तिने सायकलपेक्षाही कमी ठेवला. सिग्नलला तर गाडी बंद पडली. माझ्या मावशीच्या हातून गाडी बंद पडली! मागून कुणीतरी ओरडलं, "कुठे शिकलात हो?" काकांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी तो ब्रेक एकदाही दाबला नाही. दाबला असता तर तिला बोलायला काहीतरी मिळालं असतं.

घराचं वळण आलं, मावशीने घेतलं नाही. सरळ मेकॅनिककडे. तो शटर ओढायच्या बेतात होता. मावशी म्हणाली, हा शेजारचा ब्रेक काढा. तो हवा ओढू लागला तर म्हणाली, तोंड मिटा आणि ऐका. चारी ब्रेक नवे घाला, तुम्ही म्हणत होता ते, त्याहून चांगले असतील तर ते. आणि सीटची पट्टी लांब करा, मागे गेली पाहिजे.

आता संशय मेकॅनिकला आला. दुसरीकडे कुठे विचारून आलात का मॅडम, असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, चार दिवस लागतील, न्यायला कोण येणार?

"हे येतील," मावशी म्हणाली. "एकटे."

काका टायरच्या ढिगाकडे बघत होते, त्यांनी मान वळवली. पूर्ण, खांद्यावरून.

आम्ही चालत घरी आलो. निम्म्या रस्त्यात मावशीने समोर बघत विचारलं की चढावर गाडी उभी करायला शिकवतो का तो शिट्टीवाला. शिकवतो, काका म्हणाले. गाडी मागे न जाऊ देता? न जाऊ देता. ओल्या रस्त्यावर? ओल्यावर पण. मग मावशी म्हणाली, दांडा दोन बोटांनी नका हलवू, अख्खी मूठ धरा.

काका म्हणाले, "नाही. मला हेच बरं वाटतं."